रात्री तीन, मुक्काम किती?

पेण ते रोहा हे रेल्वेने सुमारे ४० किलोमीटरचं अंतर. मध्ये कासू, नागोठणे आणि निडी ही तीन स्टेशनं, आणि मेमूने साधारण तासाभराचा प्रवास. या दोन गावांपैकी कुठल्या ना कुठल्या गावापासून ५० किलोमीटरच्या आत अलिबागचा किनारा आहे, पालीचा बल्लाळेश्वर आहे, कोलाडची कुंडलिका आहे, हमरापूरचे गणपतीचे कारखाने आहेत, अवचितगड आणि घोसाळगड आहेत. मुंबई-ठाण्याहून तीन रात्री, चार दिवसांची सुट्टी काढून निघालेल्या कुटुंबापुढे मग एकच मोठा प्रश्न उरतो. एका गावात खोली घ्यायची आणि रोज जाऊन-येऊन सगळं बघायचं, की एक रात्र पेण, एक अलिबाग, एक रोहा असं पुढे सरकत राहायचं?

बहुतेक घरांत हा प्रश्न नकाशा समोर ठेवून सुटतो. जाऊन परत यायचं म्हणजे रस्ता दुप्पट, तेव्हा पुढे सरकत राहणंच शहाणपणाचं, असं वाटतं. म्हणून आधी किलोमीटरच मोजू. मुंबईहून रस्त्याने येणारा बहुतेक प्रवासी पेणवरूनच पुढे जातो, त्यामुळे मोजणी पेणपासून सुरू करू आणि पेणलाच संपवू. अंतरं पाचाच्या पटीत ढोबळ केली आहेत. बघायचं आहे हमरापूर, अलिबाग, कोलाड आणि पाली.

तिन्ही रात्री पेणलाच काढल्या तर हमरापूरला जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि अलिबागला जाऊन-येऊन ६०. कोलाड पेणपासून सुमारे ४५. तिथून परतताना वाकण फाट्यावरून आत वळून पाली केली, तर तो दिवस ११० चा होतो. बेरीज १९०.

आता रोज मुक्काम हलवू. पेणला राहून हमरापूर केलं, २०. पेण ते अलिबाग ३०. अलिबाग ते रोहा सुमारे ५०. शेवटच्या दिवशी रोह्याहून कोलाड, तिथून पाली आणि परत पेण, ७५. बेरीज १७५.

तीन वेगवेगळ्या गावांत राहून वाचले ते १५ किलोमीटर. या भागात सरासरी वेग मी ताशी ३५ किलोमीटर धरतो. महामार्गावर गाडी याहून जोरात जाते हे खरं, पण पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि एका तपाहून अधिक काळ रेंगाळलं. या रस्त्यावर ताशी ६० धरून वेळापत्रक आखणाऱ्यांची काय गत झाली, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ताशी ३५ ने १५ किलोमीटर म्हणजे २६ मिनिटं. एवढ्यासाठी दोनदा सामान बांधायचं का, हा खरा प्रश्न आहे.

सामान बांधण्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. आजी, आईवडील आणि दोन मुलं असं पाच जणांचं कुटुंब धरा. सकाळी अंघोळी, बॅगा, राहिलेला चार्जर, वाळत घातलेले टॉवेल, बिल आणि गाडीत सामान चढवणं, यात दीड तास सहज जातो. बहुतेक ठिकाणी खोली दहा-अकरापर्यंत सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी एक-दोनच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळात गाडीत सामान असतं, त्यामुळे कुठेही मोकळेपणाने उतरता येत नाही. नव्या ठिकाणी पुन्हा गरम पाणी, पंखा, आजीला वेस्टर्न संडास आहे का, याची चौकशी. प्रवासाचा वेळ सोडून एका स्थलांतराला तीन तास धरणं अजिबात जास्त होत नाही. तीन गावांच्या बेतात अशी दोन स्थलांतरं आहेत, म्हणजे सहा तास. वाचली २६ मिनिटं, खर्च झाले सहा तास.

यापुढचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. जेवढ्या रात्री तेवढ्या सकाळी. जेवढे मुक्काम तेवढ्या सकाळी खोली सोडण्यात जातात. तेव्हा रात्रींतून मुक्काम वजा करा, उरतात त्या मोकळ्या सकाळी. तीन रात्री एका ठिकाणी काढल्या तर मोकळ्या सकाळी दोन. दोन ठिकाणी काढल्या तर एक. तीन ठिकाणी काढल्या तर शून्य. चार दिवसांच्या सुट्टीत सामानाचा विचार न करता घराबाहेर पडण्याची एकही सकाळ नाही!

इतर ठिकाणी सकाळ गेली तर दुपारी भरपाई होते. पेण-रोहा पट्ट्यात ती होत नाही, कारण इथल्या दोन मोठ्या गोष्टी घड्याळाला बांधलेल्या आहेत, आणि ते घड्याळ आपलं नाही.

पहिली कुंडलिका. कोलाडजवळ राफ्टिंग चालतं ते नदीच्या स्वतःच्या पाण्यावर नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिरा इथल्या टाटांच्या वीजकेंद्रात उतरतं. हे केंद्र १९२७ सालचं. याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी ज्या पाण्याखाली गेल्या, तेच पाणी आज वीज तयार करून कुंडलिकेत सुटतं आणि एरवी कोरड्या पडणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांतही नदी खळाळती ठेवते. राफ्टमध्ये बसणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. पाणी साधारणपणे सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंगही सकाळी. सुमारे १२ किलोमीटरचा हा टप्पा दुपारच्या आत आटोपतो. वीजनिर्मितीच्या गरजेनुसार एखाद्या दिवशी पाणी सोडलं नाही, तर त्या दिवशी राफ्टिंगही नाही. एकाच जागी मुक्काम असेल तर कोलाडचा दिवस अलिबागच्या दिवसाशी बदलता येतो. तीन गावांत आगाऊ पैसे भरून बसलेल्या कुटुंबाला तो बदलता येत नाही.

दुसरं घड्याळ समुद्राचं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. दोन ओहोट्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं आणि तीच ओहोटी दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज ती सकाळी सातला असेल तर परवा पावणेनऊच्या सुमारास येईल. लहान मुलांना घेऊन पेणहून ३० किलोमीटर येणाऱ्याला सातची ओहोटी गैरसोयीची आणि पावणेनऊची अगदी सोयीची. पेणला ठाण मांडून बसलेला माणूस परवाचा दिवस निवडू शकतो. जो नेमका आज अलिबागला झोपला आहे, त्याला आजचीच ओहोटी घ्यावी लागते.

झोपेचाही एक आकडा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, अनोळखी जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, तो पहाऱ्यावर राहतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक मावळतो. तीन रात्री तीन गावांत म्हणजे तिन्ही रात्री पहिल्याच. साठी-सत्तरीतल्या माणसांना बरोबर नेताना हे लक्षात घ्यायलाच हवं.

पैशांचं काय? स्वतःची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १५ किलोमीटर जास्त म्हणजे १०५ रुपये जास्त. भाड्याच्या गाडीत तेवढंही नाही. बाहेरगावच्या गाड्यांना दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटरचं किमान भाडं लावायची पद्धत आहे. चार दिवसांचे किमान १००० ते १२०० किलोमीटर तुम्ही देणारच. मुंबई ते पेण साधारण ८० धरले तर आपल्या दोन्ही बेतांचं एकूण चालणं ३३५ ते ३५० च्या घरात येतं. वाचवलेल्या किलोमीटरचा एक रुपयाही परत मिळत नाही, आणि उभ्या गाडीचे पैसे मात्र चारही दिवस पडतात. त्यापेक्षा पेणपर्यंत रेल्वेने किंवा एसटीने यावं आणि लांबच्या दोन दिवसांपुरती तिथलीच गाडी करावी. हे फक्त एका ठिकाणी राहणाऱ्यालाच जमतं.

एसटीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना राज्यात प्रवास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ५ ते १२ वयाच्या मुलांनाही अर्धं. म्हणजे ७६ वर्षांचे आजोबा, ७० वर्षांची आजी, आईवडील आणि आठ वर्षांचं मूल असे पाच जण अडीच तिकिटांत जातात. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय पेणला आहे, आणि पेण, अलिबाग, रोहा, मुरूड, माणगाव, महाड, श्रीवर्धन, कर्जत इथे आगारं आहेत. भाड्याची चिंता जवळपास संपली, पण बॅगांची वाढली. फाट्यावर उतरून पुढे मिनीडोर धरायची वेळ आली की प्रत्येक बॅग दोनदा उचलावी लागते. गाडी नसलेल्यांनी एका स्थलांतराला तीनऐवजी चार तास धरावेत.

मग मुक्काम हलवणं कधी परवडतं? एखाद्या भागात तुम्हाला किती दिवस घालवायचे आहेत आणि तिथे जायला एका बाजूने किती तास लागतात, एवढं ठरवा. रोज जाऊन-येऊन करायचं तर जाण्याचा वेळ दुप्पट, गुणिले दिवस. हलवायचं तर जाणं एकदा, येणं एकदा, अधिक तीन तास. पेणहून रोह्याकडे ४० किलोमीटर म्हणजे ताशी ३५ च्या हिशेबाने सुमारे १.१५ तास. रोहा भागात एकच दिवस काढायचा असेल तर तुलनाच नको. दोन दिवस काढायचे असतील तर जाऊन-येऊन ४.६ तास, मुक्काम हलवून ५.३ तास. पेणलाच राहणं पाऊण तासाने बरं. तीन दिवस असतील तर ६.९ विरुद्ध ५.३, आणि आता हलवणं दीड तासाहून अधिक फायद्याचं. याच रीतीने मुरूड बघा. पेणपासून अलिबागमार्गे सुमारे ८० किलोमीटर, एका बाजूने २.३ तास. दोन दिवस धरले की जाऊन-येऊन ९.२ तास आणि हलवून ७.६. तेव्हा जंजिरा किल्ला आणि फणसाड अभयारण्य या दोन्हींसाठी मिळून दोन दिवस द्यायचे असतील तर पेणहून रोज मुरूड गाठण्याचा हट्ट धरू नये.

यात तीन तासांचा आकडा मी सगळीकडे तोच ठेवला, पण तो ऋतूप्रमाणे बदलतो, आणि इथे उत्तर उलटतं.

२८ मार्च २०१७ रोजी याच रोह्याच्या शेजारच्या भिरा गावात ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. रोज तेवढं नसतं, पण सह्याद्रीच्या पायथ्याची ही खोलगट पट्टी एप्रिल-मेमध्ये दुपारी खरोखर भाजून काढते. अकरा ते चार या वेळात मुलांना घेऊन किल्ल्यावर किंवा वाळूत कोणी जाऊच नये. आता बघा, खोली सोडण्याची आणि नवी खोली मिळण्याची वेळ नेमकी याच तासांत येते. जे तास एरवी पंख्याखाली पडून काढायचे, त्यांतलेच दोन सामान हलवण्यात गेले तर खरं नुकसान एका तासाचंच. तीनऐवजी एक घालून वरचं गणित पुन्हा करा. रोह्यात दोन दिवस काढायचे तर जाऊन-येऊन ४.६ तास आणि हलवून ३.३. मे महिन्यात रोह्याला मुक्काम हलवणं सव्वा तासाने फायद्याचं, डिसेंबरमध्ये तेच पाऊण तासाने तोट्याचं. थंडीतले अकरा ते दोन हे दिवसातले सोन्यासारखे तास. ते बॅगांवर घालवू नयेत. पाठीवर एक सॅक घेऊन अवचितगड-घोसाळगड-तळगड करत जाणाऱ्या तरुणांचं मात्र वेगळं आहे. त्यांचं स्थलांतर बारा महिने तासाभराचंच असतं. त्यांनी खुशाल रोज नव्या गावात झोपावं.

पावसाळ्यात हाच आकडा वर चढतो. रायगड जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १२२ दिवसांत वाटला तर दिवसाला सुमारे २५ मिलिमीटर, आणि प्रत्यक्षात तो असा समान वाटून कधीच येत नाही. ओले कपडे घेऊन मुक्काम हलवणं म्हणजे चार-पाच तास. जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, धबधब्यांच्या वाटांवर प्रशासनाचे मनाईहुकूम लागतात. जून ते सप्टेंबर एकच खोली, आणि तीही बसस्थानकाजवळची.

पेण घ्यावं की रोहा, यावर माझं मत स्पष्ट आहे. वर मांडलेली चार ठिकाणं रोह्यात राहून केली तर बेरीज १९० ऐवजी २४५ च्या घरात जाते, कारण अलिबाग लांब पडतं आणि पेण-रोहा हा ४० चा पल्ला दोनदा चालावा लागतो. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती आणि रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार. औषधाचं दुकान, डॉक्टर, रात्री उशिरा मिळणारं दूध या गोष्टी पेणला सोप्या. शिवाय पेणहून एक सुंदर फेरा होतो. खोपोली रस्त्याने महडचा वरदविनायक, तिथून पाली आणि वाकणमार्गे परत पेण, साधारण ११५ किलोमीटर. अष्टविनायकांपैकी रायगड जिल्ह्यातले हे दोन्ही गणपती एका दिवसात, घाई न करता होतात. आठही गणपतींची दोन दिवसांची बसयात्रा करणाऱ्यांच्या वाट्याला एक रात्र आणि एक मुक्काम येतो, म्हणजे मोकळी सकाळ शून्य. देवापुढे उभं राहायला मिळतात ती मिनिटं. पेण तालुक्यातच गागोदे आहे, विनोबांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १८९५ सालचा. भूदानासाठी १९५१ पासून तेरा वर्षं रोज नव्या गावी मुक्काम टाकत चाललेल्या या माणसाचं गाव बघायला अर्धा दिवस जरूर काढावा.

वडीलधारी आणि मुलं बरोबर असतील, बेत चार दिवसांचा असेल आणि अलिबाग हवंच असेल तर पेण. पण अलिबाग आधी झालेलं असेल तर ते यादीतून काढा, आणि त्याच क्षणी पारडं रोह्याकडे झुकतं. कोलाड १२ किलोमीटर, घोसाळगड सुमारे १०, अवचितगड भिसे खिंडीच्या अंगाला अगदी शेजारी, आणि मांदाडच्या खाडीजवळची २६ बौद्ध लेणी असलेलं कुडा तळा गावाच्या पुढे. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म रोह्याचा, १९२० सालचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणंही रोह्याचंच. १९८६ मध्ये रेल्वे रोह्याला पोहोचली, १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि आजही मध्य रेल्वे इथे संपून कोकण रेल्वे सुरू होते. रोह्याच्या बाजूने संध्याकाळचाही मुद्दा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी आणि हवी तर कोंबडी घालून ते उपडं करून वर जाळ करतात. बसून, गप्पा मारून, गरम गरम खायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. त्यानंतर १० किलोमीटरवर खोली असणं वेगळं आणि अंधारात महामार्गाने ४५ किलोमीटर जाणं वेगळं.

पाच रात्री मिळाल्या तर मी दोन मुक्काम करायला सांगेन, तीन मुळीच नाही. पाच वजा दोन, मोकळ्या सकाळी तीन. रोह्याच्या दोन रात्री आधी आणि पेणच्या तीन नंतर ठेवाव्यात. रोह्याच्या बाजूला तीन दिवसांचा ऐवज भरून आहे, त्यामुळे वरच्या हिशेबात स्थलांतर वसूल होतं. सुट्टी गुरुवारी सुरू केली तर कोलाडचं राफ्टिंग शुक्रवारी होतं आणि शनिवारची तिथली गर्दी टळते. शनिवारी दुपारी पेणला यावं आणि अलिबागचा दिवस सोमवारी, ओहोटीचं वेळापत्रक बघून ठरवावा. शनिवार-रविवारचे तिथले चढे दर आणि किनाऱ्यावरची दाटी दोन्ही चुकतात. हमरापूरचे कारखाने गणपतीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत भरात असतात, पण मूर्तींचं काम वर्षभर चालूच असतं, तेव्हा त्यांच्यासाठी शेवटच्या दिवसाची सकाळ पुरते. पेणचे पोहे, पापड आणि मिरगुंडंही त्याच दिवशी घ्यावीत, कारण पापड दोन मुक्काम गाडीत फिरवले की निम्मे फुटतात.